जनरेटर तेवढा सोडून

भाऊजींवरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा म्हणून मी काही केलेलंही नाही. नवरा म्हणतो, इतकी वर्षं झाली, आता सोड. त्याला सोडणं सोपं जातं. तो मोटार कंपनीत नोकरीला होता. तिथे ज्याने त्याला छळलं त्याची बदली तरी व्हायची किंवा त्याला घरी तरी पाठवायचे, आणि राग आपोआप संपायचा. माझ्या धंद्यात माणसं बदलत नाहीत. तीच माणसं, तेच फोन, आणि कुणी कुणाला काय शब्द दिला होता ते सगळ्यांच्या लक्षात.

माझा धंदा जुन्या वीजकेंद्रांच्या सामानाचा. एखादं केंद्र बंद झालं की त्यातले पंप, मोटारी, झडपा, ट्रान्सफॉर्मर विकत घ्यायचे आणि ज्याच्याकडे त्याच बनावटीचं यंत्र अजून चालू आहे त्याला विकायचे. कारखान्याकडून नवीन भाग मागवला तर वर्ष जातं. माझ्याकडे महिन्यात मिळतो. मी सुरुवात केली ती डेट्रॉइटजवळच्या एका भंगारवाल्याकडे फोन उचलण्यापासून. तांबं कुठलं आणि तांब्याचा नुसता मुलामा कुठला, हे मी त्याच्या आवारात शिकले. किंमत ऐकल्यावर गप्प कसं बसायचं तेही तिथेच शिकले. या देशात माणसांना शांतता सहन होत नाही. तुम्ही बोलला नाहीत की समोरचा स्वतःच खाली येतो.

माझे वडील विदर्भात एका वीजकेंद्राच्या कँटीनमध्ये होते. आमच्या कॉलनीत दोरीवरचे कपडे आधी झटकायचे आणि मग घडी करायचे, कारण राख. तेव्हा कोळशाबद्दल मला प्रेम असायचं काही कारण नाही. पण कोळशाचं केंद्र म्हणजे खोलीतून बाहेर पडताना मालवायचा दिवा, असं समजणाऱ्यांचाही मला कंटाळा आहे.

भाऊजी म्हणजे नवऱ्याचे पुण्यातले कॉलेजमित्र. डेट्रॉइटजवळच्याच नोव्हाय गावात, आमच्यापासून दहा मिनिटांवर राहायचे. आमच्या भागाचं ग्रिड सांभाळणाऱ्या संस्थेत ते इंजिनिअर होते. ही तार तुटली तर काय होईल, ते केंद्र बंद पडलं तर काय होईल, हे दिवसभर कॉम्प्युटरवर बघायचं, हे त्यांचं काम. दोन हजार तीनच्या ऑगस्टमध्ये आमच्याकडची सगळी वीज गेली, तेव्हापासून ते बदलले. माझं नुकसान फ्रीझरमधल्या खवलेल्या नारळापुरतं आणि पुरणाच्या गोळ्यांपुरतं होतं. भाऊजी मात्र त्यानंतर कुणाकडेही जेवायला गेले की आधी एसी किती डिग्रीवर ठेवलाय ते बघायचे. त्यांची बायको त्यावरून त्यांची थट्टा करायची. ते हसायचे, पण बघायचे.

दोन हजार पाच संपता संपता तळ्याकाठच्या एका गावातलं कोळशाचं जुनं केंद्र बंद करायचं असं त्याच्या मालक कंपनीने ठरवलं. यंत्रं म्हातारी झाली होती, राख टाकायची जागा भरत आली होती. तिथल्या मॅनेजरने आधी मोठ्या व्यापाऱ्यांना विचारलं होतं आणि मग मला, हे मला माहीत होतं. म्हणून मी त्याच्या ऑफिसात गार झालेली कॉफी पुढ्यात घेऊन गप्प बसले. तो बोलत राहिला. मी पंपांबद्दल विचारलं, झडपांबद्दल विचारलं, जनरेटरबद्दल चकार शब्द काढला नाही. निघायच्या वेळी दारात उभी राहून म्हटलं की तुकड्यातुकड्याने नको, कुंपणाच्या आतलं सगळं एका किमतीला देत असाल तर बोला. तो वैतागलेला होता. म्हणाला, घ्या.

त्या 'सगळं'मध्ये जनरेटर होता. मला जे हवं होतं ते तेवढंच. आजवर जनरेटर कधी माझ्या वाट्याला आला नव्हता. ते मोठ्यांना मिळतात; आमच्यासारख्यांना झडपा. आणि मेक्सिकोतला एक पोलाद कारखानदार तसाच जनरेटर शोधत होता. त्याच्या कारखान्यातला त्याच कंपनीचा, त्याच काळातला. आतला फिरणारा भाग, रोटर, आज जातो की उद्या अशा अवस्थेत. तो बर्फात पातळ बूट घालून मिशिगनला आला, हातमोजा काढून त्याने यंत्रावर हात ठेवला आणि विचारलं, कधी? मी म्हटलं, उन्हाळ्यापर्यंत तुमच्या दारात. माझ्याच धंद्यातला एक जण त्याला दुसरीकडचा रोटर देत होता. माझ्या शब्दावर त्याने त्याला नाही म्हणून सांगितलं. माझ्यासमोर, फोनवर.

नागपूरच्या भावाला हे कळल्यावर तो म्हणाला, एवढं यंत्र मेक्सिकोला कशाला, आमच्याकडे पाठव, इथे रोज लोडशेडिंग आहे. मी सांगितलं, इकडची यंत्रं साठ हर्ट्झच्या विजेची, भारतातली वीज पन्नासची, जमत नाही. त्याला वाटलं, मी टाळतेय.

संक्रांतीला भाऊजी आणि त्यांची बायको आमच्याकडे जेवायला होते. मी गूळपोळ्या केल्या होत्या आणि मी खुशीत होते. एरवी धंद्याचं मी कुणाला सांगत नाही. त्या दिवशी सगळं सांगितलं. केंद्र, जनरेटर, मेक्सिकोवाल्याचे बूट, त्याला दिलेला शब्द. भाऊजींनी ऐकून घेतलं. म्हणाले, छान, वहिनी. मग थोडं तूप मागितलं. मी वाढलं.

वसंतात त्या गावच्या शाळेच्या जिममध्ये सभा झाली. केंद्र बंद करण्याबद्दल लोकांना सांगायची सभा. गावातल्या बायका वर्षानुवर्षं खिडक्यांच्या कडांवरची काजळी पुसत होत्या. त्यांनी घरून केक आणले होते. मीही गेले, कारण नव्या मालकिणीचं तोंड लोकांनी बघितलेलं बरं असतं. आणि पडद्याशेजारी माइक घेऊन उभे होते भाऊजी.

त्यांनी सांगितलं की केंद्र इतक्यात बंद करता येणार नाही. भर उन्हाळ्यात, सगळे एसी चालू असताना, दुसरी एखादी तार गेली तर या भागातलं व्होल्टेज कोसळेल आणि ते कोसळणं पसरत जाईल. नवीन तार टाकून होईपर्यंत केंद्र चालू ठेवावं लागेल. दोन उन्हाळे, कदाचित तीन.

जिममध्ये गलका झाला. एका म्हाताऱ्याने विचारलं, खाली दक्षिणेला गॅसवर चालणारं नवं केंद्र झालंय, ते याच्याहून जास्त वीज करतं, मग हे कशाला? प्रश्न बरोबर होता. भाऊजींनी उत्तर दिलं ते एकालाही समजलं नाही. त्यांना बोलताच येत नाही. मी सांगितलं असतं: पाणी लांबून आणता येतं हो, पण वरच्या मजल्यावरच्या नळाला धार हवी तर जवळ कुठेतरी दाब लागतो. पाणी म्हणजे मेगावॉट, दाब म्हणजे व्होल्टेज. कंपनीने मेगावॉट मोजले, सरकारने मेगावॉट मोजले, पेपरवाल्यांनी मेगावॉट छापले. इकडचे इतके गेले, तिकडचे इतके आले, बेरीज जमली. दाब कुणी मोजलाच नाही.

पण तेव्हा मला ना पाणी सुचत होतं ना नळ. माझ्या डोक्यात फक्त तूप होतं.

पार्किंगमध्ये मी त्यांना गाठलं.

"भाऊजी, संक्रांतीला हे माहीत होतं?"

"वहिनी, त्यावर मी बोलू शकत नाही."

"बोलू नका. माहीत होतं का, एवढंच."

त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि तिच्याकडे बघत राहिले. "मालकाने केंद्र बंद करायची नोटीस दिली की ती आणि तिचा तपास आमच्याकडे गुप्त असतो. बायकोलाही सांगत नाही मी."

"बायकोने मेक्सिकोला शब्द दिला नव्हता. मी दिला होता, आणि तुमच्यासमोर सांगत होते. नुसतं 'वहिनी, घाई करू नका' म्हटलं असतं तरी मला कळलं असतं."

"तेच तर," भाऊजी म्हणाले. "तुम्हाला कळलं असतं."

मी त्यांच्या गाडीचं दार आपटून लावलं. दार त्यांचं, ते आत बसायचे होते, त्यांना ते परत उघडावं लागलं.

मग सगळीकडे डोकं आपटून झालं. वकील म्हणाला, तुमच्या करारात लिहिलंय केंद्र बंद झाल्यावर सामान तुमचं. केंद्र बंद झालं नाही तर सामान तुमचं नाही. ही अट मीच घालून घेतली होती, चालू यंत्रांची जबाबदारी नको म्हणून. मॅनेजरला फोन केला तर तो मजेत. केंद्र चालू ठेवायचे त्यांना ग्रिडकडून पैसे मिळणार होते, त्याला कसली घाई? गावातल्या केकवाल्या बायका माझ्यावरच उखडल्या. त्यांना वाटलं मीच काहीतरी घोळ केला. मेक्सिकोहून दर आठवड्याला फोन येत होता, अतिशय सभ्य. मी म्हणत होते, थोडा उशीर होतोय. असं बोलणाऱ्या माणसांशी मी स्वतः कधी दुसऱ्यांदा व्यवहार केलेला नाही.

या सगळ्यात नवऱ्याने एका रविवारी दुपारी मला न विचारता भाऊजींना जेवायला बोलावलं. मी स्वयंपाकघरातून त्याला खुणेने विचारलं, हे काय? तो हळू आवाजात म्हणाला, अगं, दोस्त आहे माझा, आणि त्याची बायको गावाला गेलीय. दारात आलेल्या माणसाला उपाशी पाठवणं मला जमत नाही, हे त्याला पक्कं माहीत. मी थालीपीठं लावायला घेतली.

भाऊजी टेबलाशी बसले होते. त्यांना पहिलं वाढलं आणि तव्यापाशी उभी राहून मी म्हटलं की मी ऑफिसचं काही विचारणार नाही, सभेत पडद्यावर जे दाखवलं तेवढंच विचारते. ते तर आता सगळ्यांसाठी उघडं आहे ना? हो म्हणाले. नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी भाव करायला बसले की माझा आवाज मऊ होतो, हे त्याला माहीत आहे.

"तुम्हाला त्या गावात कोळसा हवाय का?"

"मला? नाही."

"बॉयलर?"

"नाही."

"मेगावॉट?"

"ते दुसरीकडून येतात."

"म्हणजे फक्त व्होल्टेज. ते कोण धरून ठेवतं?"

भाऊजींनी थालीपीठाचा तुकडा दह्यात बुडवला. "जनरेटर."

"बॉयलर बंद असला तर जनरेटर ते काम करतो?"

ते गप्प बसले. गप्प बसणं माझं हत्यार. पण या माणसाला तेही येत होतं. तव्यावरचं थालीपीठ एका बाजूने काळं झालं. मी ते उलटलं नाही आणि तोंडही उघडलं नाही.

"टर्बाइनपासून सोडवला," शेवटी भाऊजी म्हणाले, "आणि ग्रिडच्याच विजेवर नुसता मोकळा फिरत ठेवला, तर करतो. कोळसा लागत नाही, धूर नाही. नवीन काही नाही त्यात. आम्हाला कॉलेजात होतं."

नवराही म्हणाला, हो की, होतं. दोघं इंजिनिअर एकमेकांकडे बघून मान हलवायला लागले, जणू जुना प्रोफेसर आठवला.

मी गॅस बंद केला. "मग शाळेत एवढी माणसं ओरडत होती तेव्हा हे का नाही सांगितलं?"

"कुणी विचारलं नाही."

"म्हणजे?"

"वहिनी, आमचं काम असं चालतं की मालक जे विचारेल ते आम्ही तपासतो. त्यांनी विचारलं, केंद्र बंद केलं तर चालेल का? आम्ही तपासलं, नाही चालणार. जनरेटर तेवढा ठेवून बाकी बंद केलं तर, असं त्यांनी विचारलंच नाही. आम्ही आपण होऊन सुचवलं तर उद्या लोक म्हणतील, ग्रिडवाले कुणाच्यातरी फायद्याचं बोलतात. मालकाने विचारलं तर उत्तर देणं माझं काम आहे."

त्यावर मी काय बोलले ते नवरा अजून पाहुण्यांना सांगतो, मी नाही सांगत. अख्खं गाव काजळी पुसतंय, कोळसा जळतोय, माझा शब्द जातोय, आणि ज्याला रस्ता ठाऊक आहे तो कुणी पत्ता विचारण्याची वाट बघत माझ्याकडे दही खातोय. यांना मी मूर्ख म्हणू शकले असते तर राग कधीच संपला असता. भाऊजी मूर्ख नाहीत. ते चोख आहेत.

पाहुणे गेल्यावर भांडी घासताना मला पुरतं कळलं की मी काय विचारून बसले होते. केंद्र बंद व्हायला हवं असेल तर जनरेटर तिथेच राहायला हवा. कुंपणाच्या आतल्या सगळ्यातली ती एकच वस्तू ग्रिडला हवी होती, आणि ती एकच मला. मी गप्प राहिले तर केंद्र दोन-तीन वर्षं चालणार आणि मग सगळं माझं, जनरेटरसकट. पण मेक्सिकोवाल्याचं यंत्र तेवढं थांबणार नव्हतं. बोलले तर बाकी सगळं याच वर्षी माझं, जनरेटर तेवढा सोडून. शब्द दोन्हीकडून मोडत होता. प्रश्न एवढाच उरला होता की त्याला ते आता सांगायचं की उशीर, उशीर म्हणत त्याला झुलवत ठेवायचं.

मी मॅनेजरकडे गेले. त्याला ग्रिडकडून पैसे मिळत होते, म्हणून तो हलणार नव्हता. पण त्याच्या आवारात मी इतके दिवस फिरले होते, आणि राख टाकायच्या खड्ड्याची कड मी डोळ्यांनी बघितली होती. मी विचारलं, आणखी दोन उन्हाळ्यांची राख कुठे टाकणार? तो म्हणाला, बघू. मी म्हटलं, नवीन खड्ड्याची परवानगी मागायला तुम्ही त्याच शाळेत जाणार, त्याच बायकांसमोर? मग त्याला सांगितलं की जनरेटर मी तुम्हाला सोडते, तो फिरत ठेवायचे पैसे ग्रिडकडून तुम्ही घ्या, बदल्यात तुम्ही ग्रिडला एक प्रश्न विचारायचा. कोणता, तो मी तिथेच, त्याच्याच कागदावर लिहून दिला. त्याने तो दोनदा वाचला आणि विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी गप्प बसले. या वेळी तो फार खाली आला नाही, पण बॉयलर, पंप आणि अख्खं आवार माझं राहिलं, आणि प्रश्न गेला.

भाऊजींच्या ऑफिसने तपासलं. उत्तर आलं, चालेल.

त्या दिवशी भर दुपारी एका गॅस स्टेशनवर गाडी उभी करून मी मेक्सिकोला फोन लावला. कारण सांगितलं, सगळं, व्होल्टेजसकट. तुमच्यासाठी दुसरा रोटर शोधते, नफा घेणार नाही, म्हटलं.

"सेन्योरा," तो म्हणाला, "मी तुमच्यासमोर त्या माणसाला फोन केला होता."

मी हो म्हटलं. त्याने आभार मानले, माझ्या मुलांची चौकशी केली आणि फोन ठेवला. त्याने नाही म्हणून सोडलेला रोटर कधीच दुसरीकडे गेला होता. मी ओहायोपासून ओरेगनपर्यंत सगळीकडे विचारलं, तसा दुसरा मिळाला नाही. त्याच हिवाळ्यात त्याचं यंत्र गेलं. भट्ट्या थंड पडल्या आणि माणसांना घरी बसवावं लागलं. हे मला त्याने कळवलं नाही. ज्याच्या हातून मी ते गिऱ्हाईक काढून घेतलं होतं, त्यानेच मुद्दाम फोन करून चवीने सांगितलं.

केंद्र बंद झालं तेव्हा पुन्हा केक आले. कंपनीच्या साहेबाने भाषणात ग्रिडच्या इंजिनिअरांचे आभार मानले, त्यांनी नवा मार्ग काढला म्हणून. भाऊजी पहिल्या रांगेत होते. त्यांनी एकदा मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा समोर बघायला लागले. नंतर मी त्यांना विचारलं, दोन शब्द बोलला असतात तर? ते म्हणाले, "तुमचं नाव घेतलं असतं तर लोक म्हणाले असते, यांनी घरी बसून ठरवलं." हे खरं होतं, म्हणून मला आणखीच राग आला. त्यांचं हे असंच. दर वेळी बरोबर.

पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस असा तापला की आमच्या ड्राइव्हवेवरचं डांबर बुटांना चिकटत होतं. सगळ्या मिशिगनचे एसी चालू होते, आणि भाऊजी ज्याला भीत होते तेच झालं, त्या भागातली एक मोठी तार गेली. गावात दिवे हललेसुद्धा नाहीत. टीव्हीवर काही नाही, पेपरात काही नाही. न झालेल्या गोष्टीची बातमी कोण देणार? संध्याकाळच्या चहाच्या वेळी भाऊजींचा फोन आला. इतक्या वर्षांत त्यांनी ऑफिसमधून मला केलेला पहिला फोन.

"वहिनी, आपल्या जनरेटरने धरून ठेवलं सगळं." आवाजात कधी नव्हे ती खुशी होती. "आता सांगायला हरकत नाही, आमच्या वेबसाइटवर लावलंय."

मी विचारलं, मेक्सिकोच्या त्या भट्ट्या पेटल्या का, ते कुठे लावलंय का?

पलीकडे त्यांच्या ऑफिसातले इतर फोन वाजत होते. ते म्हणाले, "वहिनी, तो भाग आमच्या नकाशात येत नाही."

खरंच येत नाही. मी नकाशा बघितलाय. चहा गार होत होता. मी फोन ठेवला.